‘तोंबत्तोंबत्तु’ म्हणा, दाजी

बोरगाव म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला निपाणीकडचे बोरगाव आठवते. मी आज सांगतो आहे ते बोरगाव दुसरे. मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातले, नागपूर-छिंदवाडा वाटेवरचे. औद्योगिक वसाहतीमुळे त्याचे नाव झाले आहे. २०२३ पर्यंत हा सगळा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यात होता. त्या वर्षी पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तो त्यात मोडतो. तिथल्या घराघरांत मराठी बोलतात, शाळा मात्र हिंदी आणि कचेरीतला कागदही हिंदी. घरात एक भाषा आणि दारावरच्या पाटीवर दुसरी, हा प्रकार काय असतो ते आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, या बोरगावात दिलेली. सोयरीक इतक्या लांब कशी जमली ती वेगळी कथा आहे, पुन्हा कधीतरी. दाजींची संत्र्याची बाग आहे. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, बेळगावला चार वर्षे नर्सिंग शिकली. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे यायची. आमच्या घरच्या मंडळींचे माहेर गोकाककडचे, त्यामुळे स्वयंपाकघरात मामीच्या हाताखाली ती कन्नड शिकली आणि वॉर्डात ते पक्के झाले. आता ती बोरगावजवळच्याच एका आरोग्य उपकेंद्रात आहे. हुद्दा ‘सामुदायिक आरोग्य अधिकारी’ असा लांबलचक. पण गावात सगळे तिला ‘सिस्टर’च म्हणतात.

२०२४ च्या दिवाळीत मी तिकडे गेलो होतो. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूर, पुढे एस.टी.ने सावनेरमार्गे. पोचलो तेव्हा दाजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. दर वेळी ते रस्त्यापर्यंत सामोरे येतात आणि मोठ्याने “ऊट आय्ता?” असे विचारतात. त्यांच्या कन्नडमध्ये एवढे एकच वाक्य आहे, जावई म्हणून आले तेव्हा शिकलेले. या वेळी बसूनच म्हणाले, आणि वाक्याच्या मध्ये थांबले.

आक्का चहा देताना हळूच म्हणाली, “यंदा शिडीवर चढले नाहीत रे. तोड सुरू झाली तरी बांधावर बसून राहतात.” दीड महिन्याचा खोकला. संध्याकाळी अंग मोडून येते. जेवण कमी झालेले. तिकडच्याच एका डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा सदऱ्यावरून, खिशाच्या वर, एकदा नळी टेकवली आणि खोकल्याचे औषध लिहून दिले. दाजींना विचारले तर त्यांचे ठरलेले उत्तर: “मले काई नाई झालं बापा. आता वय झालं ना.” आक्काने आणखी एक गोष्ट सांगितली, तीसुद्धा तक्रार म्हणून नव्हे, सहज: “आणि झोपतात ते एकाच कुशीवर. उजव्या. डावीकडे वळले की उठून बसतात.”

भाची तेव्हा फराळाचा डबा उघडत होती. ती थांबली. “आई, हे तू मला सांगितलं नाहीस,” म्हणाली. मुलगी पाच मैलांवर रोज शंभर माणसांचे ऐकते आणि घरचे माणूस तिला काही सांगत नाही, हे बहुतेक घरांत असेच असते. तिने हात धुतले, दाजींना दारासमोरच्या उजेडात स्टुलावर बसवले आणि सदरा काढायला सांगितले. दाजी कुरकुरले. पाहुण्यासमोर उघडे कसे बसायचे? “मामा काही पाहुणा नाही,” असे म्हणून तिने तो प्रश्न निकालात काढला.

पुढच्या वीस मिनिटांत मी जे पाहिले त्यासाठी हा लेख आहे. छाती तपासणे म्हणजे नळी लावणे, एवढीच माझी समजूत होती. नळी सर्वांत शेवटी येते हे मला पन्नाशीजवळ येऊन कळले.

आधी ती फक्त बघत होती. मनगट धरले होते, त्यामुळे दाजींना वाटले नाडी बघते आहे. प्रत्यक्षात डोळे छातीवर होते आणि ती श्वास मोजत होती. “श्वास मोजते असं सांगितलं की माणूस श्वास बदलतो,” ती नंतर म्हणाली. खरेच आहे, वाचकांनी आत्ताच आपला श्वास मोजून पाहावा, तो सरळ चालायचा नाही. मोजायचा तो पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे हा आळस, आणि श्वास अनियमित असेल तर त्या आळसात चूक होते. मोठ्या माणसाचा स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला बारा ते वीस. दाजींचा सव्वीस भरला.

बघण्यातच बरेच काही होते. नाकपुड्या फुलतात का, ओठ आणि नखे निळसर आहेत का, श्वास घेताना गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जातो का, माणूस गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकून बसतो का. दम्याचे जुने रोगी तसे बसतात, कारण तसे बसल्यावर खांद्याचे स्नायू श्वासाला मदत करतात. आम्ही वर्गात आगरकर शिकवतो. १८९५ साली अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले, दम्याने आयुष्यभर छळले, हे परीक्षेपुरते एका ओळीत सांगतो. पण रात्र रात्र असे पुढे वाकून बसणाऱ्या माणसाने लिहिलेले आहे हे, असा विचार करून मी आगरकर कधी वाचला नव्हता. असो.

मग हात. दाजींच्या मागे उभे राहून तिने दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर बरगड्यांवर ठेवले, बोटे बाजूला पसरलेली आणि अंगठे मध्यभागी मणक्याजवळ एकमेकांना टेकलेले. “बाबा, मोठा श्वास घ्या.” छाती फुगली की अंगठे एकमेकांपासून दूर जातात, आणि दोन्ही सारखे जायला हवेत. डावा अंगठा सरकला. उजवा जागचा हललाच नाही म्हटले तरी चालेल. मला दाखवण्यासाठी तिने पुन्हा श्वास घ्यायला लावला. पुन्हा तेच. दोन बैल जुंपलेले आणि एकच ओढतो आहे, असे काहीसे दिसत होते.

आणि मग ती म्हणाली, “बाबा, तोंबत्तोंबत्तु म्हणा.”

तोंबत्तोंबत्तु म्हणजे नव्याण्णव, हे आपल्या वाचकांना माहीतच आहे, दाजींना नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला हसू आवरेना. त्यामागचे शास्त्र असे. आपण बोलतो तेव्हा कंठातला आवाज बाहेर पडतो, तसा तो श्वासनलिकांमधून खाली छातीतही उतरतो आणि पाठीवर तळहाताची कड ठेवली तर हाताला कंप लागतो. त्यासाठी रोग्याकडून एखादा घुमणारा शब्द म्हणवून घ्यायचा. इंग्रजी पुस्तकांत ‘नाइन्टी-नाइन’ म्हणवतात. तो शब्द मुळात जर्मन डॉक्टरांकडून आला. त्यांच्या भाषेत नव्याण्णवला ‘नॉइन-उन्ट-नॉइन्त्सिश’ म्हणतात आणि तो उच्चार चांगला घुमतो. इंग्रजांनी आकडा उचलला आणि घुमणे तिकडेच राहिले! फ्रेंच डॉक्टर तेहतीस म्हणवतात, कारण त्यांच्या ‘त्रांत-त्रुआ’ला कंप आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ‘एक, एक, एक’ चालते. भाचीला बेळगावच्या वॉर्डात शोध लागला की कन्नड रोग्यांचा ‘तोंबत्तोंबत्तु’ हाताला सर्वांत छान लागतो. ‘तों’ आणि ‘तों’, दोन्ही नाकात आणि छातीत घुमणारे. मराठी ‘नव्याण्णव’ त्या मानाने मवाळ, आणि हिंदीतला ‘निन्यानबे’ तर दातांतच संपतो. हे तिचे मत, पुस्तकातले नव्हे. पण ध्वनिविचार हा पेपर शिकवणारा माणूस म्हणून माझा त्याला पाठिंबा आहे.

दाजी मोठ्या आवाजात ‘तोंबत्तोंबत्तु’ म्हणत राहिले आणि तिचा हात पाठीवरून उतरत गेला. डावीकडे एकदा, उजवीकडे त्याच उंचीवर एकदा, शिडीच्या पायऱ्या उतरावे तसे. दर वेळी डावे-उजवे ताडून पाहायचे, हा या तपासणीचा गाभा. माणसाची छाती कशी असावी याचे माप दुसऱ्या माणसात शोधायचे नसते, त्याच्याच दुसऱ्या बाजूत शोधायचे. उजवीकडे, पाठीच्या फऱ्याच्या खाली, तिचा हात थांबला. तिने माझा हात तिथे ठेवला. आधी डावीकडे: भिंतीपलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तसा बारीक कंप. मग उजवीकडे: काहीच नाही. दाजी तेच ओरडत होते आणि त्यांची पाठ गप्प होती.

आता हसू कुणालाच येत नव्हते.

त्यानंतर तिने ठोकून पाहिले. डाव्या हाताचे मधले बोट पाठीवर घट्ट दाबून आडवे ठेवायचे आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर टिचकीसारखा ठोका द्यायचा. ठोका मनगटातून, कोपरातून नव्हे, आणि मारून लगेच बोट उचलायचे. खाली हवा असेल तर पोकळ, भरदार आवाज येतो, भरीव काही असेल तर बद्द. ही युक्ती ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टराची. त्याचा बाप ग्राट्स गावी खानावळ चालवायचा आणि पिपांत दारू किती उरली ते बाहेरून ठोकून ओळखायचा, ते पाहून पोराला हे सुचले असे सांगतात. १७६१ साली त्याने त्यावर लॅटिनमध्ये छोटे पुस्तक लिहिले. कुणी फारसे लक्ष दिले नाही. १८०८ मध्ये नेपोलियनच्या डॉक्टराने, कोर्व्हिसारने, त्याचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा जग ठोकायला लागले. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारला. गृहस्थ संगीताचा जाणकार होता, त्याने एका ऑपेराची संहिताही लिहिली होती. ठोका ओळखायला कान तयार असावा लागतो हे त्यावरून पटते. आपल्या बायका बाजारात माठ वाजवून घेतात, कलिंगड थापटून घेतात, ती हीच विद्या. फक्त माणसावर ती कुणी वापरली नव्हती.

डावीकडे डग्ग्यावर थाप पडावी तसा आवाज खालपर्यंत येत होता. उजवीकडे फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत तसाच, आणि मग एकदम बद्द. दगडावर ठोकल्यासारखे. “इथपर्यंत,” असे म्हणून तिने बॉलपेनने बारीक रेघ ओढली.

मग नळी. घंटा आधी तळहातात धरून ऊब दिली, थंड धातू लागला की माणूस दचकतो. उघड्या कातडीवरच लावायची, कापडाची सळसळ छातीतल्या आवाजासारखी ऐकू येते. तोंड उघडे ठेवून श्वास, प्रत्येक ठिकाणी एक पुरा श्वास आत आणि बाहेर, आणि मध्ये विश्रांती, नाहीतर भराभर श्वास घेऊन माणसाला चक्कर येते. मी तिला विचारले, पाठच का? समोरून का नाही? ती म्हणाली, “समोरूनही ऐकते मामा. पण फुप्फुसाचा खालचा भाग बहुतेक पाठीकडेच असतो. खिशावर नळी ठेवून तो ऐकूच येत नाही.” त्या वाक्यात तिने त्या डॉक्टरांबद्दल जे काय म्हणायचे ते म्हटले, पुन्हा विषय काढला नाही.

नळीची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक या डॉक्टरासमोर एक तरुण, स्थूल बाई आली. तेव्हाची रीत छातीला थेट कान लावण्याची. त्याला संकोच वाटला. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला, आणि काय आश्चर्य, नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुढे त्याने लाकडाच्या नळ्या केल्या, आत ऐकलेल्या एकेका आवाजाला नाव दिले, १८१९ मध्ये ग्रंथ काढला आणि १८२६ साली पंचेचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेला. छातीतल्या एका आवाजाला त्याने तापलेल्या भांड्यात मीठ तडतडते तसा म्हटले आहे. डॉक्टरी पुस्तकातले हे वर्णन सुगरणीला पहिल्या वाचनात कळेल. दम्याची शिट्टी असते, ती बहुधा श्वास सोडताना. आवरण सुजून कोरडे घासते तेव्हा नव्या चपलेसारखी करकर. आणि उजवीकडे खाली दाजींच्या पाठीत यातले काहीच नव्हते. श्वासाचा आवाजच तिथे पोचत नव्हता.

लेनेकच्या संकोचावर मला एक वेगळीच आठवण झाली आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. माझी आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सोळा-सतरा वर्षे. ती खोकायची, आणि घरात त्या खोकल्याला ‘वखारीचा ठसका’ असे नाव होते. नाव दिले की तो रोग राहत नाही, घरातला एक माणूस होतो. तिला डॉक्टरकडे नेले तेव्हा ती चोळीचे बटण काढायला तयार झाली नाही. डॉक्टर पुरुष, बाहेर बाकावर गावातलेच लोक. त्यांनीही आग्रह धरला नाही. नऊवारीच्या पदरावरून नळी टेकवली. तेव्हा मिरजेचे मिशन हॉस्पिटल होते, १८९४ सालचे, डॉ. वानलेसांनी उभारलेले; छातीचे दुखणे म्हणजे वानलेसवाडी, हे तर आमच्याकडच्या पोरालाही ठाऊक. तिकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. आईची पाठ उघडी करून त्यावर कुणा बाईने हात ठेवला असता तर काय कळले असते, कोण जाणे. त्या दिवशी आईच्या नातीने आपल्या बापाच्या पाठीवर हात ठेवलेला पाहताना हे मनात होते. आक्काच्याही असावे. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती.

तपासून झाल्यावर मी विचारले, “काय आहे?” तिने उत्तर दिले नाही. वहीत लिहिले: श्वास सव्वीस, उजवी बाजू कमी हलते, उजवीकडे पाठीमागे खाली कंप नाही, ठोका बद्द, आवाज कमी, उजव्या कुशीवर झोप, दीड महिना खोकला, सायंकाळी ताप, वजन घटले. मग म्हणाली, “मी निदान करत नाही मामा, ते डॉक्टर करतील. मी काय सापडलं ते लिहिते. पण बाबांचा एक्स-रे उद्याच काढायचा.”

आम्हाला, म्हणजे शिकल्या-सवरलेल्यांना, परिचारिकेचे काम म्हणजे ताप बघणे, सुई देणे आणि रात्री उठवून गोळी देणे एवढेच वाटते. बरीच वर्षे नळी ही डॉक्टरांची खूण मानली गेली. आता तसे नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम आणला, त्यात डोक्यापासून पायापर्यंत तपासणी शिकणे सक्तीचे आहे. त्याला कारणही आहे. डॉक्टर दिवसातून एकदा येतात. सकाळी आवाज होता आणि संध्याकाळी नाही, हा फरक कळणार तो दिवसभर खाटेजवळ असणाऱ्या माणसालाच.

आणि खेड्यात तर पहिला हात तिचाच. याचे आपल्याच मराठी मुलखातले उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे पाहिले की लहान मुले निमोनियाने जातात आणि डॉक्टर लांब असतो. मुलाचा निमोनिया ओळखायला पहिली कसोटी श्वासाच्या वेगाची: दोन महिन्यांच्या आतले मूल असेल तर मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतले असेल तर पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. पण गावच्या सुईणींना एवढे मोजता येत नव्हते. तेव्हा त्यांनी एक साधन केले: मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर औषध सुरू करा. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी प्रसिद्ध केले की या गावांत निमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी झाले. त्यात नळीसुद्धा नव्हती. बघणे आणि मोजणे, बस्स.

भाची सांगत होती, तिच्या उपकेंद्रात आई मूल घेऊन येते आणि ‘लाहकते हो सिस्टर’ म्हणते. शेजारची हिंदी बाई म्हणते, ‘पसली चल रही है’. या शब्दांत अर्धी तपासणी झालेली असते. लाहकणे म्हणजे धापा टाकणे, श्वास वाढला. पसली चलना म्हणजे बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आहे, हे तर पुस्तकातले गंभीर लक्षण, आणि आईने ते नाव घेऊनच आणले आहे. विदर्भात त्याला ‘डब्बा’ही म्हणतात. आपल्याकडे म्हातारी माणसे ‘भाता चाललाय’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘उब्बस’ आहे, ‘दम्मु’ आहे. नव्या सिस्टरांना मोठी पुस्तके द्या, पण गावचे हे शब्दही शिकवा, असे मला भाषेचा मास्तर म्हणून वाटते. बेळगावात भाचीने सगळ्यांत आधी दोन वाक्ये पाठ केली होती: ‘उसिरु एळकोळ्री’ आणि ‘उसिरु बिडरी’. श्वास घ्या, सोडा. त्याशिवाय नळीचा उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरला गेलो. वाटेत दाजींनी खिशातून बोटाला लावायचे यंत्र काढून मला दाखवले, २०२० च्या कोरोनात घेतलेले. त्यावर शहाण्णव आले. “पाय, सगळं बरोबर हाये.” त्या यंत्राने तेव्हा अनेकांचे जीव वाचवले हे खरे, पण रक्तात प्राणवायू किती एवढेच ते सांगते. एक बाजू पाण्याखाली असली तरी दुसरी बाजू मरमर करून आकडा भरून काढते. एक्स-रेत पाणीच निघाले. उजव्या फुप्फुसाभोवती, खाली, साधारण त्या बॉलपेनच्या रेघेपर्यंत. सुईने लिटरभर काढले, गवताच्या काडीसारखे पिवळे. त्याच संध्याकाळी दाजी दोन्ही कुशींवर झोपले. चार-पाच दिवसांत तपासण्या हाती आल्या: क्षयरोग.

दाजी त्या शब्दाने मोडले. पाण्याने मोडले नव्हते. “गावात सांगू नोका,” एवढेच म्हणत राहिले. बागेवर तोडीला माणसे यायची नाहीत, भाचीचे लग्न जमायचे आहे. तिने समजावले की हा आवरणाचा क्षय, खोकल्यातून सहसा पसरत नाही. खाकराही तपासला होता, त्यात जंतू नव्हते. औषधे सहा महिने, पहिले दोन महिने चार प्रकारची आणि पुढे चार महिने तीन. सरकारकडून फुकट. पोषणासाठी महिना पाचशे रुपये मिळत ते त्याच १ नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले होते. दाजींना पैशाची गरज नव्हती आणि ते पैसे घेणे म्हणजे यादीत नाव. तिने नाव घातलेच. “यादीत नाव नाही म्हणून ज्यांना शोधता येत नाही, त्यांच्यामागे मी उन्हातान्हात फिरते बाबा,” असे म्हणाली तेव्हा ते गप्प बसले.

एक गोष्ट तिने मला आवर्जून लिहायला सांगितली आहे. हाताने आणि कानाने तपासून काही सापडले नाही म्हणजे क्षय नाही, असे मुळीच नाही. फुप्फुसाच्या क्षयात नळीला पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर खाकऱ्याची तपासणी आणि एक्स-रे, मग नळी काहीही सांगो. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत तर काहीच त्रास नसलेल्यांचेही एक्स-रे काढले, त्याचे कारण हेच. तेव्हा ‘सिस्टरनी पाठ ठोकून बघितली, काही नाही म्हणाल्या’ असे म्हणून कुणी घरी बसू नये.

मार्चमध्ये दाजींनी गोळ्या बंद केल्या. वजन चार किलो वाढले होते, खोकला नव्हता, कशाला घ्यायच्या? तीन दिवसांनी आक्काने मला फोन केला, भाचीला नव्हे. मी भाचीला केला. ती संध्याकाळी उपकेंद्रातून परस्पर बागेत गेली, बापाला शिडीवरून खाली उतरवले, सदरा वर करून पाठीवर हात ठेवला आणि काहीच बोलली नाही; म्हणाली फक्त, “म्हणा.” दाजी म्हणाले. उजवीकडे कंप लागत होता, डावीकडच्यापेक्षा किंचित कमी. तेवढा कमीपणा तिने त्यांच्याच हाताला दाखवायचा प्रयत्न केला, पण स्वतःच्या पाठीवर हात पोचत नाही. मग गड्याला बोलावून त्याचा हात ठेवायला लावला आणि विचारले, दोन्हीकडे सारखे लागते का? गडी म्हणाला, नाही, इकडे कमी लागते. गड्याचे ऐकून दाजींनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

मे महिन्यात औषध पूर्ण झाले. मी पुन्हा गेलो तेव्हा दाजी रस्त्यापर्यंत आले होते. “ऊट आय्ता?” म्हणाले, आणि लगेच पुढे, “तोंबत्तोंबत्तु.” त्यांच्या कन्नडमध्ये आता दोन गोष्टी आहेत. दुसऱ्याचा अर्थ मी त्यांना सांगितला, पण त्यांना तो काही फारसा पटलेला दिसला नाही.